कपड्याखालचे बोलणे

परवा घरी आलेला एक पाहुणा माझ्यावर पाय पुसायला निघाला होता. त्याचा काही दोष नाही. माझ्याकडे बघून कुणालाही वाटेल की हे पायपुसणे असावे. रंग विटलेला, चारही कोपऱ्यांना भोके, मध्येच निळे-पिवळे डाग. त्यातून मी खुंटीवरून घसरून नेमका दारात पडलो होतो. पण मित्रांनो, त्याने पाय उचलला मात्र, घरातली दोन म्हातारी माणसे दोन खोल्यांतून एकदम ओरडत धावली आणि तो बिचारा कितीतरी वेळ एका पायावर उभा राहिला. मी पायपुसणे नाही. मी फोटोग्राफरचा काळा कपडा आहे. या घरात काही खरे बोलायचे असेल तर ते माझ्याखाली बोलतात.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा कपडा पाहिलाच नसेल. पूर्वीचा कॅमेरा पेटीएवढा मोठा असे. तो तीन पायांच्या स्टँडवर उभा राही आणि त्याच्या पाठीला एक दुधी काच असे. समोर बसलेल्या माणसाची छबी त्या काचेवर पडे, तीही उलटी, डोके खाली आणि पाय वर. पण बाहेरच्या उजेडात ती नीट दिसत नसे. म्हणून फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पाठीवरून आणि स्वतःच्या डोक्यावरून काळा कपडा ओढून घेई आणि आतल्या अंधारात बघत बसे. तो अंधार पुरवणे हे माझे काम.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. आमच्या फोटोग्राफरचा धंदा तेव्हा नवा होता आणि लग्नही नवे होते. शिंप्याकडे एका वकिलाच्या कोटाचे जाड काळे कापड उरले होते, ते त्याने वरच्या बाजूला घेतले. अस्तराला नाटकाच्या पडद्याचा लाल तुकडा लावला. म्हणजे मी एका अंगाने वकील आणि दुसऱ्या अंगाने नाटक. तेव्हा माझ्याखाली पुढे जे काही घडले त्याचा ठपका कुणी माझ्यावर ठेवू नये.

घरात पुढची खोली फोटोग्राफरची होती. तिथे कॅमेरा, गिऱ्हाइकाला बसायची खुर्ची आणि उजेडासाठी भली मोठी खिडकी. मागची खोली त्यांच्या पत्नीची. त्या चित्रकार होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. दोन खोल्यांमध्ये एक दार होते, पण ते लागलेले मी कधी पाहिले नाही, कारण एका बाजूने त्याला फोटो वाळत लावलेले असत आणि दुसऱ्या बाजूने चित्रे. तिसरी खोली रस्त्याच्या अंगाला. तिच्यात फोटोग्राफरच्या आई राहत. त्यांना दुपारची झोप फार प्रिय होती. त्या झोपेच्या आड येणाऱ्याची त्या गय करत नसत.

फोटो तेव्हा काळेपांढरे निघत. फोटोग्राफर माणसाचा फोटो काढून त्याची मोठी प्रत करत आणि बाई तिच्यावर बारीक कुंचल्याने रंग भरत. खाली डाव्या कोपऱ्यात त्यांची सही, उजव्या कोपऱ्यात बाईंची. ऐकायला किती सरळ वाटते. पण दोघांच्या स्वभावात एक मेख होती. फोटोग्राफर पराकोटीचे भिडस्त. कुणाला तोंडावर वाईट म्हणणे त्यांना जमत नसे. काही आवडले नाही की त्यांचे कान लाल व्हायचे आणि ते "बघू" म्हणायचे. बाईंचे अगदी उलटे. त्या फटकन बोलून जात आणि मग आपण बोललो म्हणून दिवसभर तोंड पाडून बसत. एकाला बोलता येईना आणि दुसरीला बोलल्यावर चैन पडेना. अशा जोडप्याने एकाच कागदावर काम करायचे म्हणजे कसे व्हायचे, तुम्हीच सांगा.

पहिल्या वर्षी एका कुलूपवाल्याचा फोटो रंगवायला आला. त्याचा कोट तपकिरी होता. बाईंनी तो माणूस काही पाहिला नव्हता, आणि त्यांच्याजवळ नवी जांभळ्या रंगाची नळी आली होती. त्यांनी कोट जांभळा केला. फोटोग्राफरनी तो पाहिला, त्यांचे कान लाल झाले, ते "बघू" म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. तिथे त्यांनी तो फोटो खुर्चीवर ठेवला, मला डोक्यावर ओढले आणि कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघत बसले. बाहेर कुणी नाही अशी त्यांची समजूत होती. माझ्या अंधारात त्यांना धीर आला असावा. ते दुधी काचेला म्हणाले, "कोट तपकिरी होता. या जांभळ्या माणसाकडून कुणी कुलूप विकत घेणार नाही, उलट याला बघून लोक घराला आणखी एक कुलूप लावतील."

ते बाहेर आले तर बाई दारात उभ्या. मग बाई "सरका" म्हणाल्या, पुढे झाल्या, त्यांनी मला आपल्या डोक्यावर घेतले आणि आतून म्हणाल्या, "आणि तुम्ही त्यांना असं बसवलंय की जणू त्यांच्याच घराची किल्ली हरवली आहे."

त्या बाहेर आल्या तेव्हा तोंड पाडून बसल्या नाहीत, हसत होत्या. फोटोग्राफरांचे कान अजून लाल होते, पण तेही हसत होते. दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याला पुन्हा बोलावले आणि कोट पुन्हा तपकिरी झाला. त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. दुसऱ्याच्या कामाबद्दल जे काही म्हणायचे ते कपड्याखाली म्हणायचे. खरे तेच म्हणायचे. "काही नाही" असे म्हणायचे नाही. आणि बाहेर आल्यावर त्यावर अवाक्षर काढायचे नाही आणि मनालाही लावून घ्यायचे नाही.

मित्रांनो, माझ्या भरभराटीची ती वर्षे. चित्र पुरे झाले की ते खुर्चीवर ठेवत आणि आळीपाळीने माझ्याखाली शिरत. काचेवर ते उलटे दिसे. बाई म्हणत की माणूस उलटा दिसला की त्याचा मुलाहिजा राहत नाही, चूक तेवढी दिसते. बाईंच्या हाताला रंग लागलेला असे, तो मला लागे आणि माझ्यावरून फोटोग्राफरांच्या कपाळाला लागे. कपाळावर हिरवा पट्टा घेऊन ते गिऱ्हाइकाशी गंभीरपणे बोलत आणि गिऱ्हाईक हसे. त्यामुळे फोटो चांगला येई. पण ते कुणी माझ्या खात्यावर मांडले नाही.

गोंधळही पुष्कळ झाले. एकदा एक धान्याचे व्यापारी फोटो काढायला येऊन खुर्चीत बसले होते. बाई घाईघाईने आल्या, माझ्याखाली डोके घातले आणि सकाळच्या चित्राबद्दल आपले मत सांगून टाकले, "नाक फार मोठं झालंय आणि चेहऱ्यावर अकलेचं चिन्ह नाही." व्यापारी उठून चालते झाले. त्यांना परत आणायला फोटोग्राफरांना भर बाजारातून पळावे लागले. ते सकाळचे चित्र एका घोड्याचे होते, हे व्यापाऱ्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

आईंनाही हा नियम आवडला होता. एकदा त्याही लटपटत येऊन माझ्याखाली शिरल्या आणि म्हणाल्या की सून चांगली आहे, पण मुलगा लहानपणापासून ओला टॉवेल पलंगावर टाकतो आणि आपण त्याला कधी वळण लावले नाही याचे आपल्याला वाईट वाटते. बाहेर येऊन त्या शांतपणे आपल्या खोलीत झोपायला गेल्या.

आणि त्या दोघांचे काम, काय सांगू. लोक म्हणत, यांच्या फोटोतला माणूस आता उठून पाणी मागेल. बाई जिथे रंग द्यायच्या तिथे तो हवाच असे, आणि जिथे द्यायच्या नाहीत तिथे फोटोग्राफरनी उजेड असा धरलेला असे की रंगाची गरजच पडू नये. दोघे एकमेकांसाठी जागा सोडायला शिकले होते, आणि ते माझ्याखाली शिकले होते. मला त्याचा गर्व होता, आजही आहे.

मग एक दिवस नवा कॅमेरा आला. हातात मावेल एवढा. एक डोळा मिटायचा, दुसरा लावायचा, झाले. त्याला ना स्टँड लागे ना कपडा. जुना कॅमेरा कपाटावर गेला आणि माझी घडी घालून मला एका टोपलीत टाकले. तिथे आईंची नजर माझ्यावर पडली. त्यांच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट उशीवर येई. त्यांनी हातोडी मागवली आणि मला त्यांच्या खिडकीवर चार खिळ्यांनी ठोकून टाकले. वकिलाचा कोट आणि नाटकाचा पडदा, दोघांचा शेवट खिडकीवर व्हायचा होता. माझ्या कोपऱ्यांना भोके पडली ती तेव्हा. ऊन खाऊन खाऊन माझा काळा रंग तपकिरीकडे झुकू लागला.

मला माझे दुःख होतेच, पण त्याहून वाईट मी रोज भिंतीपलीकडून ऐकत होतो. बाई नव्या फोटोला रंग देत आणि फोटोग्राफर म्हणत, "छान आहे." फोटोग्राफर नवा फोटो दाखवत आणि बाई म्हणत, "सुंदर." बस्स. आता फोटोग्राफरना बोलायला अंधार नव्हता, आणि बाईंना वाटे, यांनी एवढे गोड म्हटल्यावर आपण कशाला वाईटपणा घ्या. दोघांनाही दुसऱ्याचे मन दुखवायचे नव्हते. ते एकमेकांशी इतके जपून बोलू लागले की एकदा आई जेवताना म्हणाल्या, "आपल्याकडे दोन पाहुणे राहायला आलेत का रे? किती दिवस आहेत?"

काम हळूहळू बिघडू लागले. फोटोग्राफर सगळ्यांना सारखाच गुळगुळीत उजेड देऊ लागले आणि बाई सगळ्यांना सारखेच गुलाबी गाल देऊ लागल्या. खरी पंचाईत ही की लोकांना ते आवडत होते. कुणाला नको असतात गुलाबी गाल? गिऱ्हाइके वाढली. दोघांच्या सह्या मात्र दर चित्रागणिक बारीक होत चालल्या होत्या, जणू आपण यात फारसे नव्हतो असे दोघांनाही सांगायचे होते.

अशात गावातल्या बँडचे मास्तर निवृत्त व्हायचे ठरले. बँडच्या लोकांनी ठरवले की त्यांचे एक मोठे रंगवलेले छायाचित्र सरावाच्या हॉलमध्ये लावायचे. काम अर्थात आमच्या घरी आले. मास्तर आडव्या बांध्याचे गृहस्थ. जन्मभर ट्रम्पेट वाजवून त्यांच्या ओठांवर एक गोल खूण उमटली होती. ट्रम्पेटची पेटी रोज एकाच खांद्याला अडकवून तो खांदा कायमचा खाली आला होता आणि त्यांच्या लाल कोटावर पट्ट्याच्या जागी रंग विरला होता. गाल मात्र हवा गेलेल्या फुग्यासारखे सैल, वाजवताना तेवढे भरायचे.

फोटोग्राफरनी त्यांचा खांदा ओढून सरळ केला आणि फोटो काढला. बाईंनी ओठांवरची खूण बुजवली, गाल भरून गुलाबी केले आणि कोटाचा विरलेला रंग नव्यासारखा लाल केला. फोटोग्राफर म्हणाले, "छान आहे." बाई म्हणाल्या, "तुमचा फोटोच सुंदर आहे." आणि चित्र हॉलमध्ये पोचले. तिथे काय झाले ते घरी आल्यावर बाईंनी आईंना सांगितले, म्हणून मला कळले. बँडचे सगळे लोक वा वा म्हणाले. मास्तर स्वतः गालावरून हात फिरवत राहिले. मास्तरांच्या पत्नी जवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि सभ्यपणे म्हणाल्या, "चांगला आहे हो फोटो. आता यांचा कधी काढणार?"

त्यांना खरेच वाटले होते की हा दुसऱ्या कुणाचा तरी नमुना म्हणून आणला आहे.

चित्र परत घरी आले आणि भिंतीला तोंड करून उभे राहिले. आता तरी ही दोघे भांडतील म्हणून मी खिळ्यांवर ताठ होऊन ऐकत होतो. कसले काय. बाई म्हणाल्या, "माझंच चुकलं." फोटोग्राफर म्हणाले, "नाही नाही, माझंच." थोड्या वेळाने बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या की समोरच्या गल्लीतल्या चित्रशाळेत एक खोली रिकामी आहे, मी माझे रंग तिकडे नेले तर कसे, तुम्ही तुमचे फोटो काढा, मी माझी चित्रे काढीन, म्हणजे एकमेकांना त्रास नको.

फोटोग्राफर म्हणाले, "चांगली कल्पना आहे."

मित्रांनो, मला हात असते तर मी खिडकी फोडली असती. एवढ्या वर्षांचे दोघांचे काम एका "चांगली कल्पना आहे" वर मोडायला निघाले होते. दोघांपैकी एकालाही ते नको होते. आणि ते सांगायची जागा आईंच्या खिडकीवर ठोकलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई चित्रशाळेतली खोली बघायला गेल्या. आई झोपल्या होत्या. माझ्या खालच्या बाजूचे खिळे केव्हाच सैल होऊन पडले होते, त्यामुळे मी वाऱ्याने हलत होतो आणि उन्हाची तिरीप आईंच्या डोळ्यांवर येत होती. फोटोग्राफर पाय न वाजवता मला नीट करायला आले. त्यांनी माझी कड धरली. त्यांच्या बोटांना अस्तर लागले, जुन्या रंगाचा वास आला असेल, कोण जाणे. ते तसेच उभे राहिले. आणि मग सवयीने त्यांचे डोके माझ्याखाली गेले.

आता गंमत अशी की तिथे अंधार नव्हता. एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला खिडकीची काच. काचेपलीकडे भर दुपारचा रस्ता. पण फोटोग्राफरनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि बोलायला सुरुवात केली. इतक्या दिवसांचे तुंबलेले सगळे. कधी कधी ते हातवारेही करत होते. समोरचा सायकल दुरुस्त करणारा पंप मारायचा थांबला. भाजी घेऊन जाणाऱ्या दोन बायका थांबल्या. त्यांना खिडकीत फक्त एक डोके दिसत होते, मागे काळे, डोळे मिटलेले आणि तोंड सारखे चाललेले. सायकलवाल्याला वाटले, बिचारे कशात तरी अडकले आहेत. त्याने लांबूनच हात हलवला.

बाई चित्रशाळेतून परत येत होत्या. त्यांनी लोक बघितले, मग खिडकी बघितली, मग नवरा बघितला. त्या खिडकीशी आल्या आणि काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. फोटोग्राफरनी डोळे उघडले तर समोर वीतभर अंतरावर बायको. त्यांचे कान माझ्या अस्तरापेक्षा लाल झाले. बाईंनी बाहेरून खूण केली, ऐकू येत नाही. फोटोग्राफर आतून काय म्हणाले असतील? "बघू."

बाई दारातून आत आल्या, चपला न काढता आईंच्या खोलीत शिरल्या आणि वाकून माझ्याखाली आल्या. मित्रांनो, तोवर माझ्याखाली एका वेळी एकच माणूस येत असे. आत एक आणि बाहेर एक, असाच नियम होता. दोघे एकदम आलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मला जरा ताणूनच घ्यावे लागले.

"काय म्हणत होतात?" बाईंनी विचारले.

"काही नाही."

"कपड्याखाली काही नाही म्हणायचं नसतं."

फोटोग्राफर म्हणाले, "मास्तरांचा खांदा मी ओढून सरळ केला. त्यांना दुखत होतं, तरी बसले बिचारे. तू दारातून बघत होतीस. बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश दिसत होता. आणि मी त्यांच्या ओठांवरची खूण बुजवली तेव्हा तुम्ही बघत होतात. तुम्ही म्हणालात, छान."

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं. मग काय झालं असतं?"

फोटोग्राफर म्हणाले, "आणि ती चित्रशाळेतली खोली. ती कल्पना मला अजिबात चांगली वाटली नव्हती."

"मग चांगली आहे का म्हणालात?"

"तू इतकं नीट विचारलंस."

बाई रडत होत्या की हसत होत्या ते मला अंगाला लागूनही कळले नाही. नंतर म्हणाल्या, "त्या खोलीत उजेड पश्चिमेचा आहे. मला मुळीच आवडली नाही." यानंतर दोघे जे सुरू झाले ते थांबेनात. गुलाबी गाल, गुळगुळीत उजेड, बारीक झालेल्या सह्या, सगळ्याचा समाचार घेतला गेला. रस्त्यावर चांगली गर्दी जमली होती. खिडकीत आता दोन डोकी होती आणि दोन्ही तोंडे एकदम चालली होती.

एवढ्यात पलंगावरून आवाज आला. आई उठून बसल्या होत्या आणि आपल्या खिडकीच्या पडद्याखालून निघालेल्या चार पायांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "भांडायचं असेल तर तो कपडा घ्या आणि आपल्या खोलीत जा. मला एक साधा पडदा आणून द्या. आणि सूनबाई, चपला."

अशी माझी सुटका झाली. वरचे दोन खिळे फोटोग्राफरनी स्वतः काढले.

संध्याकाळी दोघे मास्तरांच्या घरी गेले आणि म्हणाले, आमचे चुकले, पुन्हा एकदा बसाल का? मास्तर चटकन तयार झाले. म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. मला वाटलं होतं, मी आता असाच दिसतो, मलाच माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मोठा कॅमेरा कपाटावरून खाली आला. त्याच्यावर मी आलो. मास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारले, खांदा सरळ करू का? माझ्याखालून फोटोग्राफर "नको" म्हणाले. मग बाई आत येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, खुर्ची खिडकीकडे वळवा. मग फोटोग्राफर पुन्हा आत आले आणि म्हणाले, वळवली तर कोटाचा विरलेला भाग अंधारात जाईल. मग बाई. मग फोटोग्राफर. मास्तरांना वाटले, यांचे आता संध्याकाळपर्यंत चालणार. ते आरामात सैल बसले, खांदा आपल्या जागी खाली गेला, ओठ आपोआप जुळले आणि उजव्या हाताची बोटे गुडघ्यावर कुठल्या तरी सुरावर हलू लागली. फोटोग्राफर माझ्याखाली होते. त्यांनी श्वास धरला आणि फोटो घेतला.

बाईंनी त्या मोठ्या फोटोवर फारच थोडा रंग लावला. कोटाचा लाल, आणि खांद्यावर तो जिथे विरला होता तिथे विरलेलाच. ओठांवरची गोल खूण फिकट तांबूस. बाकी सगळे त्यांनी फोटोग्राफरांच्या उजेडावर सोडून दिले. चित्र खुर्चीवर ठेवले आणि फोटोग्राफर माझ्याखाली आले. बाहेर बाई हातात कुंचला धरून उभ्या होत्या. आता काय ऐकावे लागते म्हणून त्यांनी मान खाली घातली होती. फोटोग्राफर पुष्कळ वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आधी त्यांना बघू दे."

हॉलमध्ये मी गेलो, कारण वाटेत रंगाला धूळ लागू नये म्हणून चित्राला मलाच गुंडाळले होते. मला काढले, सगळे बघू लागले. या वेळी कुणीच वा वा म्हटले नाही. मास्तरांच्या पत्नी पुढे आल्या. त्यांनी चित्राकडे बघितले, मग हात पुढे करून चित्रातल्या कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकली. धूळ तिथे नव्हती, कोट विरलेला होता. मग त्या मास्तरांना म्हणाल्या, "कितीदा सांगितलं, पेटी दुसऱ्या खांद्यावर घेत जा."

घरी आल्यावर बाई मागच्या खोलीत कुंचले धुवायला गेल्या. पुढच्या खोलीत खुर्ची रिकामी होती, कॅमेऱ्यात बघायला काहीच नव्हते. तरी फोटोग्राफर आले आणि त्यांनी मला डोक्यावर ओढले. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याखाली मी काय काय ऐकले होते, पण एक शब्द कधीच ऐकला नव्हता. बाहेर तो दिवसातून दहा वेळा बोलला जाई. माझ्याखाली तो बोलायची कुणाची छाती झाली नव्हती, कारण माझ्याखाली फक्त खरे बोलायचे होते.

फोटोग्राफर म्हणाले, "छान झालंय."

मागच्या खोलीतले पाणी बंद झाले. बाई ओल्या हातांनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "ऐकू आलं नाही. परत म्हणा."

ते परत म्हणाले.

तेव्हापासून मी दोन खोल्यांच्या मधल्या दाराशी खुंटीवर असतो. मोठ्या कॅमेऱ्याचे काम आता कुणी करत नाही. आई गेल्या, त्यांचा साधा पडदा तेवढा खिडकीवर आहे. फोटोग्राफर आणि बाई म्हातारे झाले, चष्मे आले, तरी रोज निदान एकदा कुणीतरी माझ्याखाली शिरून दुसऱ्याच्या कामाची खरडपट्टी काढते. आणि कधी, फार क्वचित, तो एक शब्दही ऐकू येतो. त्या दिवशी आनंदाने घरात कुणाला भूक लागत नाही.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे थोडेसेच मागणे आहे. मला साबणाने धुऊ नका, माझ्यावरचे डाग माझ्या कमाईचे आहेत. तुमचा मित्र चित्र दाखवायला आणेल, बहीण गाणे म्हणून दाखवेल, तेव्हा तुम्ही लगेच "छान" म्हणून मोकळे होऊ नका. आधी नीट बघा, नीट ऐका, चुकले असेल तर ते त्याला मायेने सांगा. लाज वाटत असेल तर डोक्यावर चादर घ्या, पण सांगा. म्हणजे एक दिवस तुम्ही "छान" म्हणाल आणि तो ओल्या हातांनी धावत येऊन म्हणेल, परत म्हण.

आणि माझ्यावर पाय पुसू नका.